अस्वलाला मिनीव्हॅन का आवडते?

(सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी कुटुंबांसमोर उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला निघालेल्या आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या अस्वलाकडून दोन अपेक्षा असतात. ते दिसलं पाहिजे आणि ते जवळ येता कामा नये. तिसरी अपेक्षा सहसा कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे फोटो नीट आला पाहिजे.

अस्वल समोर आलं तर काय करायचं, हे ऐकायला तुम्ही आला आहात. ते सांगेनच, पण त्याला पाच मिनिटं पुरतात. उरलेला वेळ मला तुमच्या डब्यांबद्दल बोलायचंय. कॅम्पग्राउंडवर रात्री दोन वाजता जे घडतं, त्याचा निकाल बहुतेक वेळा संध्याकाळी सात वाजता, जेवणं उरकून आवराआवर करताना लागलेला असतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावरचं अस्वल ग्रिझली आहे आणि ते या राज्यातून 1920च्या दशकात संपलं. योसेमिटीत आज आहे ते काळं अस्वल, आणि त्यातली बरीचशी रंगाने चक्क तपकिरी असतात. त्यामुळे तपकिरी काहीतरी दिसलं की ‘ग्रिझली, ग्रिझली’ म्हणून पळापळ करू नका. पार्कात अशी साधारण तीनशे ते पाचशे अस्वलं असावीत असा अंदाज आहे. वसंतात गवत, मग बेरी, मुंग्यांची अंडी, शरद ऋतूत ओकची फळं, असा त्यांचा आहार. थंडीच्या आधी मात्र ती अक्षरशः दिवसभर खातात. त्या दिवसांत एकेका अस्वलाच्या पोटात वीस हजार कॅलरीपर्यंत जातात. ओकची फळं वेचून वीस हजार कॅलरी जमवायला किती वेळ लागेल बघा. आणि तुमच्या डिकीत तुपातल्या बेसनाच्या लाडवांचा डबा आहे. हिशोब अस्वलालाही कळतो.

हा हिशोब त्यांना शिकवला माणसांनीच. 1920च्या दशकात योसेमिटीत संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात अस्वलांना हॉटेलांचा कचरा खायला घालायचे आणि पर्यटक तो खेळ बघायला बसायचे. हा सगळा अधिकृत कार्यक्रम होता बरं का! 1940च्या सुमारास तो बंद झाला, पण उघड्या कचराकुंड्या 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू राहिल्या. मग त्या बंद केल्या. तोवर अस्वलांच्या कित्येक पिढ्या कचऱ्यावर वाढल्या होत्या. पिल्लू साधारण दीड वर्ष आईबरोबर असतं आणि आई जे खाते तेच खायला शिकतं. कुंडी बंद झाल्यावर ही मंडळी जंगलात परत जाऊन मुंग्या शोधायला लागतील, अशी कुणाची कल्पना असेल तर ती चुकीची ठरली. ती थेट कॅम्पग्राउंडवर आली.

कळस झाला 1998 साली. त्या एका वर्षात योसेमिटीत अस्वलांच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि साडेसहा लाख डॉलरच्या वर नुकसान झालं. त्यातल्या बहुतेक घटना गाड्यांच्या होत्या. अस्वल दाराच्या वरच्या कडेत नखं घालतं आणि चौकट खाली वाकवतं, नाहीतर काच फोडतं. आत शिरल्यावर मागची सीट उपटून डिकीत पोचतं. पुढच्या वर्षापासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, यासाठी खास पैसे दिले. लोखंडी लॉकर वाढले, रात्रीची गस्त वाढली, लोकांना समजावणं वाढलं. पुढे या घटना नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या.

खरंच फरक पडला का, हे संशोधकांनी अस्वलांच्या केसांवरून आणि संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या हाडांवरून तपासलं. माणसांच्या अन्नाची एक वेगळी रासायनिक खूण शरीरात उरते. 1975 ते 1985 या काळात माणसांचं अन्न खायला सोकावलेल्या अस्वलांच्या आहारात त्या अन्नाचा वाटा सुमारे 35 टक्के होता. 1999नंतर तो 13 टक्क्यांवर आला, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी होता तितका. मला हा आकडा फार आवडतो. माणसं सुधारू शकतात याचा इतका ठोस पुरावा एरवी मिळत नाही.

आता मिनीव्हॅन, म्हणजे मुलाबाळांच्या कुटुंबाची ती मोठी गाडी. 2001 ते 2007 या काळात योसेमिटीत अस्वलांनी कुठल्या प्रकारच्या गाड्या फोडल्या, याचा एक अभ्यास झाला आणि 2009 साली तो प्रसिद्ध झाला. पार्कात रात्री उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये मिनीव्हॅन अगदी थोड्या होत्या, पण फुटलेल्या गाड्यांमध्ये त्यांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने सुमारे चौपट निघालं. का, यावर संशोधकांनी चार शक्यता मांडल्या. मिनीव्हॅनच्या मागच्या काचा कमकुवत असतील. ज्यांच्याकडे मिनीव्हॅन आहे ते गाडीत जास्त खाणं ठेवत असतील. हे मोजक्याच अस्वलांचं काम असेल आणि त्यांना एकाच मॉडेलची गोडी लागली असेल. आणि चौथी शक्यता अशी की मिनीव्हॅनमधून लहान मुलं प्रवास करतात आणि लहान मुलं सांडतात.

ही चौथी शक्यता ऐकून इथल्या आयांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मला इथूनही दिसतायत. कार सीटच्या फटीतले बिस्किटांचे तुकडे, मागच्या सहलीतला चिवडा, दुधाचा सुकलेला डाग. आपण गाडी ‘रिकामी’ केलेली असते, पण अस्वलाच्या नाकाच्या दृष्टीने ती भरलेलीच असते.

म्हणून योसेमिटीत सूर्य मावळल्यावर गाडीत खाण्याची कुठलीही वस्तू ठेवायला बंदी आहे. दिवसा काचा बंद करून, नजरेआड ठेवता येते. अंधार पडल्यावर नाही. अस्वलाला कुलर, म्हणजे खाणं गार ठेवायची पेटी, नुसता बघूनही ओळखता येतो, आत काही असो वा नसो. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला लोखंडी लॉकर असतो आणि तो वापरला नाही तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या हाताच्या अंतरावर नसलेलं सगळं खाणं लॉकरमध्ये गेलं पाहिजे, दिवसाही. तुम्ही चहा ठेवून नळावर गेलात आणि साखरेचा डबा टेबलावर राहिला, तर तो वाऱ्यावर सोडलाय असंच धरतात. लॉकर साधारण 45 इंच रुंद, 33 खोल आणि 18 इंच उंच असतो. नवा कुलर घ्यायचा असेल तर दुकानात जाण्याआधी हे माप लिहून घ्या.

आता आपल्या घरच्या अडचणी. अमेरिकन कुटुंब सॉसेज भाजतं, मोकळं होतं. आपल्याकडे तंबू ठोकायच्या आधी फोडणी होते. हिंगाची डबी, लोणच्याची बरणी, तेलाची बाटली, मेतकूट, हे सगळं लॉकरमध्ये, यात कुणाला शंका नसते. शंका येते ती खाण्याच्या नसलेल्या वस्तूंबद्दल. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, बाळाचे वेट वाइप्स, खोबरेल तेल, आणि हो, उदबत्ती. एका काकूंनी मला विचारलं होतं की देवाजवळची उदबत्तीसुद्धा? सुद्धा. वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलाच्या लेखी खाण्याचीच असते, ती खाऊन बघितल्याशिवाय त्याचा निर्णय होत नाही. भांडी तिथल्या तिथे घासा. खरकटं पाणी झाडाच्या बुंध्यात ओतू नका. ते अंगणातल्या तुळशीचं आळं नाही.

बरं, एवढं करूनही अस्वल आलंच तर? कॅम्पग्राउंडवर आलेल्या अस्वलाला हाकलायचं. सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं आणि जोरात ओरडायचं. अगदी मराठीत ओरडलात तरी चालेल. त्याला जायला वाट मोकळी ठेवा, चारी बाजूंनी घेरू नका. त्याने एखादं पातेलं पळवलं तर पातेलं त्याचं झालं, मागे धावू नका. आणि रेंजरला कळवा. रानात, पायवाटेवर दिसलं तर वेगळा नियम: निदान पन्नास यार्ड लांब राहायचं, गुपचूप बघायचं, त्याच्या घरात आपण पाहुणे आहोत. हा फरक लक्षात ठेवा, कारण मंडळी नेमकं उलटं करतात. पायवाटेवर किंचाळतात आणि तंबूपाशी मोबाइल काढून कुजबुजतात. तंबूपाशी शांतपणे बघत बसलात की ही जागा बरी आहे, असं अस्वल शिकतं.

योसेमिटीत अस्वलाने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. हरणाने मारल्याची आहे. 1977 साली एका लहान मुलाला हरणाचं शिंग लागलं आणि तो गेला. पार्कात अस्वलांपेक्षा हरणांनी जास्त माणसांना इजा केली आहे. तरीही बिस्किट हातावर घेऊन ‘ये, ये’ करत हरणामागे फिरणारे आजोबा मी दर उन्हाळ्यात बघते.

आणि खारी. इथे मला जरा मागे जावं लागेल. 1894 साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा उद्रेक झाला. जहाजांतल्या उंदरांबरोबर तो 1896 साली मुंबईत मांडवीला उतरला आणि पाठोपाठ पुण्यात आला. पुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. रँडचा वध, चाफेकर बंधू, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई. तीच साथ समुद्रमार्गे 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. शहरातली साथ आटोक्यात आली, पण तोवर जंतू उंदरांवरून इथल्या जमिनीत बिळं करणाऱ्या खारींमध्ये गेला होता, आणि तो आजही तिथेच आहे. 2015 साली योसेमिटीच्या क्रेन फ्लॅट कॅम्पग्राउंडवर राहून आलेल्या एका मुलाला प्लेग झाला. औषधाने तो बराही झाला, आज प्लेगवर प्रतिजैविकं आहेत. त्याच ऑगस्टमध्ये योसेमिटीतल्याच ट्युओलमी मेडोजचं कॅम्पग्राउंड पिसवा मारण्यासाठी काही दिवस बंद ठेवावं लागलं. म्हणजे तुमचं मूल शेंगदाणा पुढे करतंय ती गोजिरवाणी खार कुठल्या इतिहासाची वारसदार आहे, ते बघा. चावली तरी ताप, पिसू उडाली तरी ताप. मेलेली खार दिसली तर हात लावू नका, रेंजरला सांगा.

खारीहून लहान जनावर अजून बाकी आहे. 2012च्या उन्हाळ्यात योसेमिटीत हंताविषाणूची लागण झालेल्या दहा जणांची नोंद झाली आणि तिघे दगावले. त्यातले बहुतेक जण करी व्हिलेज या तिथल्या मुक्कामाच्या जागेतल्या नव्या, दुहेरी भिंतींच्या तंबूघरांत राहिले होते. त्या दोन भिंतींमधल्या उबदार पोकळीत हरणउंदरांनी (डिअर माऊस नावाच्या रानउंदरांनी) घरटी केली होती. त्यांच्या सुकलेल्या लेंड्या-मुताची धूळ श्वासातून गेली की हा आजार होतो. ती तंबूघरं नंतर पाडून टाकली. वापरात नसलेली केबिन उघडलीत आणि उंदराच्या लेंड्या दिसल्या, तर लगेच केरसुणी घेऊन झाडायला लागू नका. आपला पहिला विचार तोच असतो, हे मला माहीत आहे. दारं-खिडक्या उघडा, बाहेर थांबा, मग ब्लीचच्या पाण्याने ओलं करून पुसून घ्या. आणि तंबूत खाऊ ठेवला नाही तर उंदराला आत यायचं कारण उरत नाही. म्हणजे फिरून आपण डब्यांपाशीच आलो.

खाण्याला सोकावलेलं अस्वल उचलून लांब का सोडत नाहीत, हे दरवेळी विचारलं जातं. सोडून बघितलंय. ते परत येतं, नाहीतर नव्या ठिकाणी जाऊन तोच उद्योग करतं. यावर आपल्या जुन्नरचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. उसात राहणारे बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्याचा सपाटा तिथे लावला होता. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, सोडलेल्या जागांच्या आसपासही. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर जास्त बिथरतं. योसेमिटीत शेवटी उपाय उरतो तो इंजेक्शनचा. धीट झालेलं, माणसांवर चालून जाणारं अस्वल मारावं लागतं. रस्त्याने जाताना लाल अस्वलाचं चित्र असलेल्या पाट्या दिसतील. तिथे गाडीखाली एक अस्वल सापडलेलं असतं. त्या पाट्या मोजायला मुलांना सांगा. वेग आपोआप कमी होतो, मागच्या सीटवरून आरडाओरडा होतो म्हणून.

प्रश्न घेऊ या. अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा न्यायचा का? योसेमिटीत बेकायदेशीर आहे. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये न्याच, तिथे ग्रिझली आहे, आणि तिथे अस्वलांपासून शंभर यार्ड लांब राहायचं. यलोस्टोनमध्ये सगळ्यात जास्त माणसांना जखमी करतो तो बायसन, आपल्या गव्यासारखा दिसणारा. त्याच्यापासून पंचवीस यार्ड. गायीसारखा शांत उभा दिसतो म्हणून फसू नका.

डोंगरी सिंह, म्हणजे माउंटन लायन किंवा प्यूमा, दिसला तर? पळायचं नाही, पाठ करायची नाही, जॅकेट पसरून मोठं दिसायचं. लहान मूल कडेवर घ्या, पण घेताना पूर्ण वाकू नका.

मागच्या रांगेतून कुणी विचारलं? हो, बाळाची दुधाची बाटली. रात्री लागतेच, कबूल. ती तंबूत घेऊन झोपू नका. लॉकर काही पावलांवर असतो. बाळ उठलं की एकाने जायचं, बॅटरी घेऊन, दूध आणायचं, पाजायचं, आणि रिकामी बाटली परत लॉकरमध्ये ठेवून कडी लावायची. पहाटे तीन वाजता ‘राहू दे ना आता’ असं ज्याला वाटेल, त्याला बाटली ठेवायला पाठवू नका.