येळ्ळूरची आज्जी आणि मोबाईलची पावलं

[दृश्य: बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, मागे पावसात धूसर राजहंसगड किल्ला. भाताची रोप लागवड.]

सकाळपासून आज्जी गुडघाभर चिखलात वाकलेल्या आहेत. पेंढी सोडायची, रोप टोचायचं, एक पाऊल मागं. संध्याकाळी नातीनं मोबाईल बघितला. पावलं 640. खाली इंग्रजीत सल्ला: आज तुमचा बराच वेळ बसून गेला, जरा चाला. नातीनं मराठीत सांगितला तशा आज्जी हसल्या. "त्याला म्हणावं, उद्या ये शिवारात."

मोबाईलचा तरी काय दोष? चालताना बसणारे हिसके मोजणारा बारीक सेन्सर त्याच्या पोटात असतो. दिवसभर तो बांधावर, डब्याच्या पिशवीत पडून होता. जाता-येता जेवढं मोजलं, तेवढंच त्याला ठाऊक.

[दृश्य: स्वयंपाकघर. स्टीलची वाटी, छोटा वजनकाटा.]

आज्जींना शुगर आहे. एवढं राबणाऱ्या बाईला शुगर कशी, असं गल्लीत सगळे विचारतात. पण लागवड चालते वर्षातले थोडे दिवस. ताटातला भात मात्र बारा महिने तिन्हीत्रिकाळ. त्यात हा बासमतीचा मुलूख, वासानंच एक घास जास्त जातो. भारतीय बाईच्या पोटाचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. आज्जींचा तो कधीच गेलाय.

खाणं नोंदवायच्या मोबाईलमधल्या अॅपनं विचारलं, भात किती कप? या घरात कप चहाचा. मग नातीनं आज्जींच्या ताटातला भात काट्यावर ठेवला. "दोनच वाढी घेते की," असं आज्जी म्हणायच्या. काट्यानं दाखवलं 350 ग्रॅम. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम पिष्ट असतं, म्हणजे एका बैठकीत शंभराच्या आसपास. आज्जी काट्याकडं बघतच राहिल्या. आता वाटी ठरलीय, आणि अॅपच्या यादीत 'आज्जीची वाटी' असा नवा पदार्थ आलाय.

याला भारी मोबाईलच लागतो असंही नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 नोकरदार पुरुषांवर केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आहार-व्यायामाचा सल्ला एकदाच दिला, बाकीच्यांना त्याशिवाय साधे एसएमएस येत राहिले. दोन वर्षांत पहिल्या गटात 27 टक्के मधुमेही झाले, मेसेजवाल्यांत 18 टक्के. सगळे पुरुष, हे मात्र खटकतं. चिखलातल्या बाईला कुठला मेसेज पाठवायचा, हे त्यातून कळत नाही.

[दृश्य: आषाढी एकादशी. अंगणात तुळस, दुरून टाळांचा आवाज.]

एकादशीला आज्जींचा उपास. सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली, ताटलीभर साबुदाणा खाल्ला आणि लागवडीला गेल्या. त्यांची गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावणारी. पोटात काही असो वा नसो, ती आपलं काम करते. चारच्या सुमारास हात कापायला लागले, घाम सुटला. नातीनं आधी त्यांचे हात धुतले, मग बोटाच्या कडेला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर 64. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. आकडा ब्लूटूथनं मोबाईलवर गेला, तिथून पुण्यातल्या मुलाकडं. त्याचा लगेच फोन.

"आई, आधी काहीतरी गोड खा!"

"उपास मोडू होय रे?"

"आज्जी, साखर उपासाला चालते की," नात म्हणाली आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, 98.

मोबाईलवर त्या दिवशीचीही पावलं कमीच होती.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी उपासाच्या दिवसाची गोळी वेगळी ठरवून दिली. नातीनं कालनिर्णय समोर धरून वर्षातल्या उरलेल्या सगळ्या एकादशांचे मोबाईलमध्ये गजर लावून टाकले. गजरावर मराठीत लिहिलंय: आज्जी, आज ती गोळी नको, आणि रानात एकटी जाऊ नको.