कापून टाका की!

बेळगावच्या शहापुरातलं सोनाराचं दुकान. तान्ह्या पोरीचे कान टोचतायत. एक किंचाळी, बारीक सोन्याची तार, थोडं तेल. बहुतेक कानांची गोष्ट इथंच संपते.

खानापूर तालुक्यातल्या या मुलीचेही असेच टोचले होते, काही झालं नाही. दहावीच्या सुट्टीत तिनं दुसरं भोक पाडून घेतलं. जखम भरली, आणि काही महिन्यांनी पाळीमागं वाटाण्याएवढी टणक गाठ आली. खाज सुटायची. आता ती सुपारीएवढी आहे. घरचे म्हणतात, "कापून टाका की एकदाचं!"

जरा थांबा. आधी वण बघा. जखमेच्या जागेतच तो उंच राहिला असेल, तर वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप बसतो. भाजल्याचे, टाक्यांचे कितीतरी वण असे असतात. पण जखमेबाहेर चांगल्या कातडीत पसरला, तर तो केलॉइड. दहा ते तीस या वयात त्याचा जोर जास्त. कापणं ही शरीराला पुन्हा एक जखमच. नुसते कापलेले केलॉइड ४५ ते १०० टक्के परत आल्याच्या नोंदी आहेत, कधी आधीपेक्षा मोठे.

म्हणून सुरुवात सहसा इंजेक्शनानं होते. ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड, थेट गाठीत, दर चार-सहा आठवड्यांनी. दुखतं, हे आधीच सांगायला हवं. पहिल्या खेपेला टणक गाठीत औषध सहजी शिरत नाही. भोवतालची कातडी पातळ होऊ शकते, पांढुरकी पडू शकते. नुसत्या त्यानं भागलं नाही, तर सोबत फाइव्ह-एफयू (पेशींची वाढ रोखणारं औषध) देतात. दोन इंजेक्शनांनंतर बेळगावची खेप बंद करणारे बरेच असतात. मला वाटतं, उपचार फसतो तो तिथंच.

सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तासांहून जास्त, काही महिने लावायची. नव्या वणाला तिचा उपयोग अधिक. द्रव नायट्रोजननं गोठवलं तर सावळ्या कातडीवर पांढरे डाग राहू शकतात. कापायचंच झालं, तर पाठोपाठ इंजेक्शन, कानाला दाबाची क्लिप, आणि हट्टी केलॉइडला एक-दोन दिवसांतच रेडिएशन.

बिब्बा मात्र लावू नका. त्याचा चीक कातडी भाजतो, आणि भाजलेल्या जागी नवा केलॉइड उठू शकतो.

तीन इंजेक्शनं झाली. मुलीची गाठ मऊ पडलीय, खाज थांबलीय. चौथं शनिवारी, बाजाराच्या दिवशी. धाकटीलाही दुसरं भोक पाडायचंय. हा त्रास घराण्यात चालतो, हे आईला आता कळलंय.

"अक्काचा कान बघितलास न्हवं?"