पडताळणीचा कागद आणि त्याची हद्द

नमस्कार श्रोतेहो. कुपवाड एमआयडीसीत रखवालदार ठेवायचा असो की विश्रामबागेत भाडेकरू, "पोलीस पडताळणी झाली" म्हटलं की आपण निर्धास्त होतो. पण "गुन्हा नोंद नाही" हे नेमकं कुठलं दप्तर पाहून लिहिलंय, हे कुणी विचारत नाही.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली, म्हणजे ती तिथं नोंदली गेली, एवढंच. तो काही चारित्र्याचा दाखला नव्हे. चारित्र्य पडताळणीसाठी वेगळा ऑनलाइन अर्ज करावा लागतो. मग अर्जात दिलेल्या पत्त्याच्या ठाण्यात चौकशी होते. आता मिरजेपासून कर्नाटकची हद्द ती कितीशी लांब! माणूस मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा आणि पत्ता फक्त मिरजेचा दिला, तर मिरजेच्या ठाण्याचं दप्तर कोरंच दिसणार. देशभरातली ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस योजनेला 2009 साली मंजुरी मिळाली. तिच्यामुळं परराज्यातली नोंद पोलिसांना सापडू शकते, पण ती यंत्रणा तुमच्या-माझ्यासाठी खुली नाही.

आपल्याला खुलं आहे ते ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ. पक्षकाराच्या नावावरून खटला शोधता येतो, तोही फुकट. मात्र जिल्हा आणि न्यायालय निवडावं लागतं. सांगलीत शोधलं तर बेळगावचं दिसत नाही. शिवाय आपल्याकडं एकाच नावाचे पाटील किती! वडिलांचं नाव, वय जुळवल्याशिवाय कुणाच्या माथी खटला मारू नका. खटला दिसला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असंही नाही. निकाल काय लागला, तोही वाचा. निर्दोष सुटलेल्या माणसाची नोकरी नुसत्या यादीवरून घालवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आता नोकरी मागणाऱ्यांसाठी. अर्जात गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर लपवू नका. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली सांगितलं, की तरुणपणी घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपवली तर मालक ती सोडून देऊ शकतो; गंभीर गुन्हा लपवला तर नेमणूक रद्द होऊ शकते. अठरा वर्षांच्या आत घडलेल्या गोष्टीचं वेगळं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं, काही अपवाद सोडता, अशा मुलाला त्या निकालामुळं पुढं अपात्र ठरवता येत नाही.

मालकांनो, अर्जावर सध्याच्या पत्त्याखाली आधी राहिलेल्या गावांसाठीही दोन ओळी ठेवा, आणि पडताळणीला ते सगळे पत्ते द्या.