आयपॉडवाल्यांनी फोन काढायला हवा होता का?

मंडळी, नमस्कार. विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलाय, आता त्याची चर्चा कशाला? तुमच्यातल्या निम्म्यांच्या खिशात त्या निकालाचा पुरावा आहे, उरलेल्यांच्या खिशात त्याची नक्कल. (हशा) पण निकाल ठाऊक असला की आपण सगळेच शहाणे होतो. मला तुम्हाला निकालाच्या आधी घेऊन जायचंय, २००५-०६ सालात. कारण त्या वेळी "फोन काढू नका" असं सांगणारी माणसं मूर्ख नव्हती. त्यांचे मुद्दे तेव्हा बिनतोड होते. मला तर वाटतं, त्यांनी ज्या फोनला विरोध केला तो फोन निघाला असता तर आपटलाच असता.

आधी परिस्थिती बघू. पहिला आयपॉड, म्हणजे अ‍ॅपल कंपनीचा खिशात मावणारा गाण्यांचा प्लेअर, जाहीर झाला २३ ऑक्टोबर २००१ ला. ५ जीबी, ३९९ डॉलर. खिशात हजार गाणी. ही करामत शक्य झाली ती तोशिबाने बनवलेल्या १.८ इंची हार्डडिस्कमुळे. एवढ्याशा डिस्कचं करायचं काय, हे खुद्द तोशिबालाही नीट उमगलेलं नव्हतं. अ‍ॅपलच्या माणसांनी ती पाहिली आणि तिच्याभोवती यंत्र उभं केलं. २००३ च्या एप्रिलमध्ये ९९ सेंटला एक गाणं विकणारं दुकान उघडलं, त्याच वर्षी ते विंडोजवाल्यांनाही खुलं केलं आणि मग खप सुसाट सुटला. २००५ च्या आर्थिक वर्षात सव्वादोन कोटी आयपॉड, २००६ मध्ये जवळपास चार कोटी. त्या वर्षी कंपनीची विक्री १,९३० कोटी डॉलरची, त्यातले ७७० कोटी एकट्या आयपॉडचे. म्हणजे शंभरातले चाळीस.

आता कल्पना करा, तुम्ही संचालक मंडळावर आहात आणि कोणीतरी म्हणतंय की आपण असा फोन काढू, ज्यात आयपॉड असेल. पहिला विचार काय येईल? एकच माणूस दोन वस्तू कशाला घेईल? म्हणजे शंभरातले चाळीस रुपये देणाऱ्या मालाच्या मुळावर आपण आपल्याच हाताने घाव घालायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरचे पहिलवान. नोकियाने २००५ या एका वर्षात साडेसव्वीस कोटी फोन विकले. आयपॉडचा त्या आर्थिक वर्षाचा सगळा खप म्हणजे त्यांची साधारण एका महिन्याची विक्री. फोन म्हणजे नुसती डबी नाही. त्यात अँटेना आहे, रेडिओचं तंत्र आहे, देशोदेशीच्या परवानग्या आहेत, आणि ज्या जाळ्यावर तो चालणार त्या कंपनीच्या चाचण्या आहेत. अ‍ॅपलला यातलं काहीही येत नव्हतं. पाम नावाच्या कंपनीचे प्रमुख २००६ च्या नोव्हेंबरात म्हणाले होते, की आम्ही चांगला फोन करायला वर्षानुवर्षं झगडतोय, कॉम्प्युटरवाले असे सहज आत येऊन दाखवतील हे काही होणार नाही. या वाक्यावर पुढे पुष्कळ हसणं झालं. मी हसत नाही. धंद्यात मुरलेल्या माणसाने दिलेला तो प्रामाणिक सल्ला होता.

तिसरी अडचण आपल्याकडच्या लोकांना चटकन कळत नाही. आपण दुकानात जातो, पैसे मोजतो, फोन घेतो, सिमकार्ड वेगळं. अमेरिकेत तेव्हा फोन विकायची ती टेलिकॉम कंपनी. दोन वर्षांच्या करारावर सही करा आणि फोन स्वस्तात न्या. त्यामुळे फोनवर कोणाचं नाव छापायचं, कोणतं सॉफ्टवेअर ठेवायचं, कोणती सोय बंद करायची, हे सगळं तीच ठरवायची. फोन बनवणारा म्हणजे तिच्या दारातला पुरवठादार. ज्या कंपनीला स्वतःच्या खोक्याच्या आतल्या कागदाचा रंगही दुसऱ्याने ठरवलेला खपत नाही, ती या दारात उभी राहणार?

मग फोन काढायचाच कशाला? कारण दुसऱ्या बाजूलाही विहीरच होती. डिजिटल कॅमेऱ्यांचं काय होतंय ते दिसत होतं. फोनमधला कॅमेरा सुमार होता, तरी खालच्या किमतीचे कॅमेरे त्याने खायला सुरुवात केली होती. आणि इथे मला एक तांत्रिक गोष्ट थोडी खोलात सांगायची आहे, कारण खरी धोक्याची घंटा तिथे आहे. आयपॉडची ताकद कशात होती? त्या चिमुकल्या हार्डडिस्कमध्ये. ती सगळ्यांना मिळत नव्हती आणि फोनमध्ये घालणंही जिकिरीचं होतं. नोकियाने ४ जीबी डिस्क घातलेला एन९१ काढला तो चांगला वीटेएवढा झाला. पण दरम्यान फ्लॅश मेमरीचा भाव धडाधड पडत होता. फ्लॅश म्हणजे साधी चिप. फिरणारा भाग नाही, जागा कमी, वीज कमी. गाणी साठवायची जी सोय मिळवायला अ‍ॅपलने आटापिटा केला ती उद्या कोणीही बाजारातून घेऊन फोनमध्ये बसवणार होता. सोनी एरिक्सनने २००५ मध्येच वॉकमन फोन आणला, त्यात कार्ड घातलं की गाणी सुरू. आपल्याकडे पुढे काय झालं ते आठवा. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, दुकानदार त्यात गाणी भरून द्यायचा. आयपॉड काय असतो हे न पाहताच महाराष्ट्रातली अख्खी पिढी फोनवर गाणी ऐकायला लागली.

थोडक्यात, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा वेळी माणूस काय करतो? मधला मार्ग काढतो. अ‍ॅपलनेही काढला. मोटोरोलाचा रेझर तेव्हा जोरात होता. ठरलं असं की फोन मोटोरोलाचा, गाण्यांचं सॉफ्टवेअर अ‍ॅपलचं, विकणार सिंग्युलर ही अमेरिकन टेलिकॉम कंपनी. ७ सप्टेंबर २००५ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीर झाला, नाव रॉकर.

मधला मार्ग काय चीज असते हे पाहायचं असेल तर हा फोन बघावा. त्यात गाणी किती मावत? शंभर. कार्डावर जागा शिल्लक असली तरी शंभरच, एकशेएकावं नाही. मर्यादा सॉफ्टवेअरमध्येच घातलेली. गाणी भरायची तर कॉम्प्युटरला वायर लावून गोगलगाईच्या गतीने. फोन असूनही त्यावरून थेट गाणं विकत घेता येत नव्हतं. किंमत, दोन वर्षांच्या करारासह, २४९.९९ डॉलर. आणि गंमत ऐका, त्याच दिवशी, त्याच मंचावर, अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनीच जीन्सच्या छोट्या खिशातून आयपॉड नॅनो काढून दाखवला. ४ जीबी, हजार गाणी, २४९ डॉलर, करार नाही, कटकट नाही. आता तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक काय उचलेल? रॉकरचं प्रात्यक्षिक करताना फोन आल्यावर थांबलेलं गाणं पुन्हा सुरू होईना, जॉब्ज म्हणाले, चुकीचं बटण दाबलं गेलं. आपल्याच पाहुण्याला पंगतीत बसवून अर्धं वाढायचं आणि शेजारच्या पानात जिलब्यांची रास घालायची, तसा तो सोहळा होता.

यात नुसती मोटोरोलाची चूक नव्हती. तिघे भागीदार आणि तिघांचेही हात आखडते. अ‍ॅपलला आयपॉड जपायचा, सिंग्युलरला ग्राहक जपायचा, मोटोरोलाला दोघांचीही मर्जी जपायची. असा फोन कोणासाठी बनतो? कोणासाठीच नाही.

मग घरातच फोन करायचं ठरलं आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण आजच्या प्रश्नाचं शब्दशः उत्तर इथे आहे. आयपॉड घडवणाऱ्या टोनी फॅडेलच्या गटाने आयपॉडपासूनच फोन करायला घेतला. तेच पुढचं गोल चाक. गाण्यांच्या यादीतून सर्रकन खाली जायला ते चाक अप्रतिम होतं. आता त्याच चाकाने नंबर फिरवून बघा. नऊ, मग मागे दोन, मग पुढे सात. जुन्या काळ्या टेलिफोनची तबकडी परत आली! आणि एसएमएस? "येतोय" एवढं लिहायचं तरी अक्षरामागून अक्षर चाक फिरवत बसा. काही महिने धडपड करून तो प्रकार सोडून दिला गेला.

हाच तो गाणी वाजवणाऱ्या कंपनीने काढलेला फोन. तो तयार झाला होता आणि नापास झाला होता, बाजारात न येताच. "काढू नका" म्हणणारे बरोबर होते असं मी सुरुवातीला म्हटलं ते याच फोनबद्दल.

मग जानेवारी २००७ मध्ये जे जाहीर झालं, म्हणजे आयफोन, ते कुठून आलं? ते आयपॉडच्या कपाटातून आलं नाही. कंपनीत टॅबलेटसाठी बोटांनी चालणाऱ्या पडद्यावर काम चाललेलं होतं. फिंगरवर्क्स नावाची डेलावेअरमधली छोटी कंपनी त्यांनी २००५ मध्ये विकत घेतली होती, तिचा पिंडच बहुस्पर्शाचा, म्हणजे एकाच वेळी अनेक बोटांचा स्पर्श ओळखण्याचा. पण पडद्यापेक्षाही मोलाचं काय होतं, तर अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. आयपॉडच्या पोटातलं सॉफ्टवेअर बरंचसं बाहेरून आणलेलं होतं, चिप पोर्टलप्लेअरची, वरचा थर पिक्सोचा. गाणी वाजवायला ते पुरे. तेच वाढवत न्यायचं की मॅकचं सॉफ्टवेअर कापूनछाटून फोनमध्ये बसवायचं, यावर आत रस्सीखेच झाली आणि स्कॉट फोर्स्टॉलच्या गटाने दुसरी वाट खरी करून दाखवली. फोनमध्ये खरा ब्राउझर आला तो त्यामुळे. पुढच्या वर्षी, जुलै २००८ मध्ये, अ‍ॅपचं दुकान उघडता आलं तेही त्यामुळेच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. फोन काढण्याची ऐपत त्या कंपनीत होती ती तिच्या कॉम्प्युटरमुळे. आयपॉडने पैसा दिला, सुट्या भागांच्या पुरवठादारांशी घासाघीस करायची सवय दिली, दबदबा दिला. सिंग्युलरने फोन नीट पाहण्याआधीच अटी मान्य केल्या त्या या दबदब्यामुळे. सिंगापूरच्या क्रिएटिव्हकडे किंवा कोरियाच्या आयरिव्हरकडे उत्तम प्लेअर होते. ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. त्यांनी २००७ मध्ये फोन काढला असता तर तो चाकाचाच निघाला असता.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण मीच देतो. मायक्रोसॉफ्ट. त्यांच्याकडे जगातली सर्वांत मोठी ऑपरेटिंग सिस्टीम, शिवाय २००६ पासून झून नावाचा प्लेअर. त्यांनी २०१० च्या मे महिन्यात किन नावाचे फोन आणले, आत झूनची गाणी. दोन महिनेसुद्धा झाले नाहीत तोवर गुंडाळले. अ‍ॅप नाहीत, खेळ नाहीत, आणि व्हेरायझन या टेलिकॉम कंपनीचं मासिक बिल मात्र पूर्ण स्मार्टफोनचं. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम असून भागत नाही, ती त्या फोनमध्ये घालायची हिंमतही लागते. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा विंडोज फोनचं काम दुसरा गट करत होता, आणि किन या दोन गटांच्या भांडणात सापडला.

आता चीनकडे येऊ, कारण तिथे चित्र पालटतं. झुहाय शहरातली मेझू ही एमपी३ प्लेअर बनवणारी कंपनी, तिचे प्लेअर नावाजलेले. तिने २००९ मध्ये एम८ नावाचा फोन काढला. दिसायला आयफोनचा जुळा भाऊ, आत विंडोज सीई, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीची विंडोज. पुढे अँड्रॉइड आल्यावर ती तिकडे वळली. ओप्पोही प्लेअर विकत होती, पहिला फोन २००८ मध्ये. आज गावोगावी हिरवी पाटी दिसते ना, तीच ती ओप्पो. अँड्रॉइडने ऑपरेटिंग सिस्टीम फुकट दिली, मीडियाटेकसारख्यांनी चिप आणि आराखडा तयार दिला. उरलं काय? कारखाना, वितरण आणि जाहिरात. प्लेअरवाल्यांना हे तिन्ही येत होतं. तेव्हा २००६ मध्ये ज्याला मी "नको" म्हटलं असतं त्यालाच २०१० मध्ये मी "लगेच काढ" म्हटलं असतं. कंपनी तीच, प्रश्न तोच, मधे फक्त चार वर्षं.

आयपॉडचं पुढे काय झालं? सगळ्यांना वाटलं तसा तो लगेच मेला नाही. २००८ च्या आर्थिक वर्षात त्याचा विक्रमी खप झाला, ५ कोटी ४८ लाख. मग उतरण. मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड टचही बंद. तोवर कंपनीला त्याची गरज उरलेली नव्हती. भारतात मात्र आयफोनची सुरुवात थंडच झाली. ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने थ्रीजी आयफोन आणला तो ३१ हजारांना. तिकडे १९९ डॉलरला मिळतो आणि आमच्याकडून एवढे का उकळता, म्हणून लोक भडकले होते. तिकडचा फरक टेलिकॉम कंपनी भरायची आणि दोन वर्षांत बिलातून वसूल करायची, हे कोणी समजावून सांगितलं नाही.

एक चिठ्ठी आली आहे. "सोनीकडे वॉकमन होता, फोन होता, गाण्यांची कंपनी होती. मग सोनीला का जमलं नाही?" प्रश्न नेमका आहे. सोनीचा फोन तिच्या एकटीचा नव्हता. २००१ पासून तो एरिक्सनबरोबर निम्म्या भागीचा संसार. वॉकमन फोन विकले गेले, चांगले विकले गेले. पण गाण्यांची कंपनी घरातच असल्याने चोरीची भीती मोठी. म्हणून प्लेअरमध्ये वर्षानुवर्षं स्वतःचा एट्रॅक फॉरमॅट रेटला, आणि साधं एमपी३ थेट वाजवणारे हार्डडिस्कचे वॉकमन यायला २००४ उजाडलं. घरात तीन भाऊ, तिघेही कमावते, पण कोणी कोणासाठी ताट सरकवायला तयार नाही. एरिक्सनचा निम्मा हिस्सा घेऊन फोनचा धंदा पूर्णपणे स्वतःकडे आणायला सोनीला फेब्रुवारी २०१२ उजाडलं, त्यासाठी शंभर कोटी युरोंहून जास्त मोजले. तोवर मेझूचा अँड्रॉइड फोन बाजारात येऊन वर्ष झालं होतं.