स्कॅनर कुठे थांबला आहे?

आज मी फक्त जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या इनपुटबद्दल बोलणार आहे, कारण नवशिके सगळ्यात जास्त इथेच अडतात. क्लास लिहिता येतो, ऑब्जेक्ट बनवता येतो. पण वय घेतल्यावर प्रोग्रॅम नावासाठी थांबतच नाही, थेट पुढे जातो.

कीबोर्डवरून येणारा मजकूर सिस्टिम.इनमधून येतो, तो निव्वळ बाइट्सच्या रूपात. त्यातून संख्या, शब्द, ओळ वेगळी काढायला २००४ साली जावा ५ मध्ये स्कॅनर हा क्लास आला. त्याआधी बफर्डरीडर या क्लासने ओळ वाचून इंटिजर.पार्सइंट या मेथडने तिची संख्या करत. ती पद्धत आजही चांगलीच आहे.

आता नीट लक्ष द्या. स्कॅनर हा ऑब्जेक्ट आहे, म्हणजे त्याला स्वतःची स्थिती आहे: आपण कुठपर्यंत वाचलं, हे तो लक्षात ठेवतो. तुम्ही २५ टाइप करून एंटर दाबलंत. नेक्स्टइंट (स्कॅनरची संख्या वाचणारी मेथड) २५ उचलतं आणि तिथेच थांबतं. एंटरचं चिन्ह मागे राहतं. मग नेक्स्टलाइनला (ओळ वाचणाऱ्या मेथडला) बोलावलं, तर ते ओळीच्या शेवटापर्यंत वाचतं. शेवट तर समोरच आहे! म्हणून रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, परत येते. त्याने काहीही वगळलेलं नाही. मधे एक जादा नेक्स्टलाइन घालून काम भागतं, पण माझा आग्रह असा की दर वेळी अख्खी ओळच वाचा आणि मग तिची संख्या करा. (पार्सइंटला देवनागरी अंकही कळतात, हे मला फार आवडतं.)

कुणी संख्येऐवजी अक्षरं टाकली, तर नेक्स्टइंट इनपुटमिसमॅचएक्सेप्शन नावाची चूक फेकतं, आणि तो चुकीचा शब्द जागेवरच राहतो. लूपमध्ये ती चूक नुसती कॅच करून (पकडून) पुन्हा नेक्स्टइंट केलंत, तर तोच शब्द पुन्हा समोर येतो आणि लूप संपतच नाही. पुढे संख्या आहे का, हे आधी हॅजनेक्स्टइंटने विचारा. उत्तर "नाही" असं आलं, तर नेक्स्टने तो शब्द काढून टाका.

वाचायचं कुठे, हा प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो. विद्यार्थी नावाच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्येच) "नाव टाका" असं विचारलेलं मी नेहमी पाहतो. कृपा करून असं करू नका. तो क्लास कीबोर्डला बांधला जातो. उद्या माहिती फाइलमधून आली, तर त्याचा उपयोग उरत नाही. कन्स्ट्रक्टरने नाव आणि वय तयार घ्यावं. वाचायला वेगळा क्लास ठेवा, प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेनमध्ये एकच स्कॅनर बनवा आणि तो त्या क्लासला द्या. प्रत्येक मेथडमध्ये नवा स्कॅनर करून शेवटी क्लोज केलात, तर सिस्टिम.इनही बंद होतं आणि पुढच्या वाचनाला नोसचएलिमेंटएक्सेप्शन (वाचायला काहीच नाही, अशी चूक) येतं.

बाहेरून स्कॅनर देण्याचा आणखी एक फायदा आहे. स्कॅनर साध्या स्ट्रिंगवरही चालतो. चाचणी घेताना हवी ती उत्तरं एका स्ट्रिंगमध्ये लिहून त्यावर स्कॅनर बनवा आणि तुमच्या क्लासला द्या. कीबोर्डला हात न लावता चुकीचं वय, रिकामं नाव, सगळं तपासून होतं.