मोबाईल कुणाचा, रिपोर्ट कुणाचा

(यंत्रमागाचा आवाज, मग विडी वळणारे हात)

सोलापुरात अशोक चौकाकडून विडी घरकुलाकडं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीकडं जाताना हे दिसणारच, कुठं माग धडधडतोय, कुठं दारात सूप मांडीवर घेऊन बाई विड्या वळतेय. तंबाखूची धूळ, मग खोकला, मग छातीचा एक्स-रे. आणि तो एक्स-रे आता पाकिटात कमी अन् व्हॉट्सॲपवर जास्त येतो.

हा अंगठा बघा. तंबाखूनं काळा पडलाय, स्क्रीन दोनदा दाबली तरी उघडत नाही. मग मावशी मोबाईल पोराकडं देतात, कारण मोबाईल पोराचाच आहे.

(ओपीडीचं काउंटर)

इथं क्यूआर कोड चिकटवलाय. स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट नोंदणीला जातो, टोकन मिळतं, रांगेत ताटकळणं कमी होतं. चांगलंच आहे, त्याला कोण नाही म्हणतंय. हे सगळं आभा नंबरवर चालतं, म्हणजे आपले आरोग्याचे कागद जोडणारा १४ आकडी सरकारी ओळख नंबर. तो ज्या सरकारी योजनेतून मिळतो ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला, आणि हा नंबर काढायची सक्ती नाही, हे मात्र काउंटरवर फारसं कुणी सांगत नाही. "मावशी, ओटीपी आला का?" एवढंच विचारतात, आणि मावशी तो मोठ्यानं वाचून दाखवतात, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

आता या स्क्रीनवर जरा थांबू. लोकांना वाटतं आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत एका कपाटात जाऊन पडतात. तसं नाहीये. रिपोर्ट जिथं तयार झाला तिथंच राहतो, दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असेल तर ते विनंती पाठवतात, ती फोनवर येते, त्यात लिहिलेलं असतं की कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखेपासूनचे कागद आणि किती दिवसांसाठी. नाही म्हणता येतं. हो म्हणून नंतर परवानगी काढूनही घेता येते. डोकं लावून केलेली रचना आहे, खरंच.

पण फोनवर म्हणजे कुणाच्या फोनवर? इथं ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच बायकांचा आभाला जोडलेला नंबर मुलाचा, जावयाचा, एकीचा तर कार्ड काढून देणाऱ्याचाच निघाला! म्हणजे आजार मावशीचा अन् संमती दुसऱ्याच्या अंगठ्याची.

२०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर हॅक झाले आणि कामकाज कागदावर आलं. २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला, डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. असो.

वॉर्डात कॅमेरा नेला नाही, न्यायलाही नको होता.

(झेरॉक्सचं दुकान)

दवाखान्याबाहेरचं हे दुकान. रिपोर्ट व्हॉट्सॲप वेबवर पाठवायचा, प्रिंट घ्यायची, पैसे द्यायचे आणि निघायचं. हा त्यांचा डाउनलोड फोल्डर, नावं आम्ही धूसर केलीत. शुगर, थुंकीची तपासणी, सोनोग्राफी, एकाखाली एक, खाली जाईल तेवढं कमीच. दुकानदार म्हणाला, "मी कशाला बघतोय ओ, पडून राहतंय ते." खोटं बोलत नसावा. त्यानं आमच्यासमोर सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं. रीसायकल बिन मात्र आम्हीच रिकामं करायला लावलं.