वारकरी भरपूर

(पक्षी सप्ताहात निफाड तालुक्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. हा आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आपल्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर परदेशी बदकं उतरायची वेळही हीच. पक्ष्यांची ओळख तुम्हाला आहेच, म्हणून आज मी फक्त नोंदींविषयी बोलणार आहे.

येताना माझी २००९ ची वही आणली आहे. बंधाऱ्याच्या काठावरच्या चापडगावचं, जानेवारीतलं एक पान वाचतो: "चापडगाव, सकाळ. पट्टकदंब १४. कैकर १, मासा पकडून उडाला. वारकरी भरपूर."

पट्टकदंब हा हिवाळी पाहुणा हंस, कैकर मासेखाऊ शिकारी पक्षी आणि वारकरी हा इथला नेहमीचा काळा पाणपक्षी. पण भरपूर म्हणजे किती? दोनशे, की दोन हजार? मध्यंतरी एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "काका, इथले वारकरी कमी झालेत का हो?" मी इतकी वर्षं या पाण्यावर जातोय, आणि तिला उत्तर देऊ शकलो नाही. पट्टकदंब दिसला की मी एक-एक मोजायचो, आणि वारकऱ्याला मात्र एका शब्दात उरकायचो. त्याची खंत मला आजही आहे.

काळं अंग आणि कपाळावर गोपीचंदनाचा असावा तसा पांढरा टिळा, म्हणून हा वारकरी. त्याच्याकडे एकदा दहा मिनिटं नीट बघा. तो बुडी मारतो आणि पाणवनस्पतीचा झुबका तोंडात धरून वर येतो. तरंग बदक शेजारी टपलेलंच असतं. त्याला बुडी मारून चरायची सवय नाही, म्हणून ते वारकऱ्याच्या तोंडातलंच ओढून घेतं. तेवढ्यात वरून दलदल भोवत्या, हा शिकारी पक्षी, आला, की पांगलेले वारकरी पाणी उडवत एकमेकांना खेटतात आणि काळी सतरंजी अंथरल्यासारखा गठ्ठा होतो. तो क्षण मोजणीचा नव्हे. भोवत्या जाऊ द्या, थवा पसरू द्या.

मग दहा पक्षी मोजा. दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा आणि त्या मापाने थवा मोजत जा. परत उलट्या बाजूने मोजा. दोन आकड्यांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा. बुडी मारणारे सुटतात, म्हणून घाई नको. आणि जे ओळखलं नाही ते "अनोळखी बदक, ४०" असंच लिहा. भुवई बदक इथे लवकर येतं, पण त्या वेळी नराला ती पांढरी भुवई नसते. नर-मादी सारखेच मळकट दिसतात. अंदाजाने नाव लिहून टाकलं की ती चूक कायमची नोंदीत बसते.

पाण्याची पातळीही लिहा. आपला हा बंधारा इंग्रजांच्या काळातला, गाळाने उथळ झालेला. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो, शेकाटे आणि तुतारी हे चिखलात चरणारे पक्षी येतात, बदकं खोल पाण्याकडे सरकतात. पाण्याची नोंद नसेल, तर पुढे वाचणाऱ्याला वाटेल बदकं गेलीच.

आता मोबाइलविषयी. गेल्या हिवाळ्यात "आज सकाळी रोहित आले" (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) असा निरोप मला पाच दिवस रोज नव्याने येत होता. माणसं गाड्या काढून लांबून आली, आणि रोहित पहिल्याच दिवशी उडून गेले होते. तेव्हा "आज" लिहू नका, तारीख लिहा, वेळ लिहा, काठ कोणता ते लिहा. पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं कडं दिसलं तर रंग, अक्षरं आणि पाय डावा की उजवा, हे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. घरट्याची जागा मात्र कुणालाही पाठवू नका, अगदी जवळच्या मित्रालाही नाही.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. २०२० मध्ये आपलं अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. रामसर यादीसाठी पाणपक्ष्यांचे आकडेही बघितले जातात, आणि ते काठावर उभं राहून कुणीतरी मोजलेले असतात.

या रविवारी सरावाला या. साडेसहाला चापडगावच्या काठावर. दोघादोघांची जोडी करू, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. पहिला पक्षी वारकरीच घ्यायचा. आणि पेन नको, पेन्सिल आणा. आपल्याकडच्या दवात कागद ओला होतो आणि पेन उमटत नाही.